‘वेजेस’ लिहिलं म्हणून हसले

पत्र :

ताई, मी लातूर जिल्ह्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी.कॉम. दीड वर्षापासून पुण्यात एका मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसात अकाउंट्सला आहे. ऑगस्टचा पगार पुढच्या महिन्याची वीस तारीख उलटली तरी झाला नव्हता, म्हणून मी साहेबांना इंग्रजीत मेल लिहिला. त्यात ‘माय वेजेस’ असं लिहिलं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, ‘वेजेस बिगाऱ्यांना मिळतात, तू काय घमेली उचलतेस का?’ सगळे हसले. पुढच्या मेलच्या वेळी मी मोबाइलवर समानार्थी शब्द शोधले. सॅलरी, पे, रेम्युनरेशन, स्टायपेंड, एमॉल्युमेंट्स, अर्निंग्ज अशी लांबलचक यादी आली. त्यातला भारदस्त वाटला म्हणून ‘एमॉल्युमेंट्स’ लिहिला. पुन्हा हसले. आपल्याकडे एकच शब्द, पगार. इंग्रजीत एवढे कशाला? कुठला कधी वापरायचा, हे शिकायचं कसं?

आणखी एक. आई अंगणवाडीत मदतनीस आहे. कागदावर तिला ‘मानधन’ मिळतं, ती त्याला पगारच म्हणते. धाकट्या भावाच्या कॉलेजच्या फॉर्मवर इंग्रजीत ‘मदर्स सॅलरी’ असा रकाना होता. तिथे आकडा लिहायचा की नाही, यावरून घरात वाद झाला.

— एक वाचक

उत्तर :

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती तुला लगेच उपयोगी पडेल. ज्या दोन शब्दांवर तुझं ऑफिस हसलं त्यातला एकही चूक नव्हता. एक त्या जागी रुळलेला नव्हता आणि दुसरा मेलसाठी फार जड होता, एवढंच. वीस तारीख उलटल्यावर केलेल्या कामाचे पैसे मागणाऱ्या मुलीच्या शब्दाला हसायचं, हे मला अजिबात आवडलं नाही. ज्यांनी हसायला सुरुवात केली त्यांच्याकडे त्या दिवशी खरं तर एका प्रश्नाचं उत्तर देणं बाकी होतं.

आता तुझं म्हणणं, की मराठीत एकच शब्द आहे. तुझ्या गावात जरा डोळ्यांसमोर फिरून ये. सोयाबीन काढायला गेलेल्या बाईला संध्याकाळी काय मिळतं? मजुरी, नाहीतर रोज, नाहीतर हजेरी. मोंढ्यात पोती उचलणाऱ्याला हमाली. ब्लाउज शिवणारीला शिलाई, सोनाराला घडणावळ. सत्यनारायण सांगणाऱ्या गुरुजींना दक्षिणा, सप्त्यातल्या कीर्तनकाराला बिदागी, व्याख्यात्याला मानधन, वकिलाला फी, सरकारी दवाखान्यात शिकणाऱ्या डॉक्टरला विद्यावेतन, निवृत्त गुरुजींना पेन्शन. कारखान्यावर ऊस तोडायला निघालेल्या जोडप्याला मुकादमाकडून उचल. तू कधी चुकून तरी ‘कीर्तनकाराचा पगार’ म्हणालीस का? सोनाराला ‘मानधन’ किती झालं, असं विचारलंस का? हे तुला कुणी पाठ करायला लावलं नव्हतं. शब्द कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जाणाऱ्या पैशाचा आहे, हे तू लहानपणापासून बघत आलीस, म्हणून तो आपोआप बरोबर पडतो. इंग्रजीतही अगदी हेच चालतं. तिथे तुझ्याजवळ फक्त यादी आली, ते हात दिसले नाहीत.

मोबाइलवरची ती यादी कुठून आली हेही ऐक. पीटर मार्क रॉजे नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी 1852 साली, वयाच्या सत्तरीनंतर, जवळपासच्या अर्थांचे शब्द विषयवार एकत्र मांडून छापले. आजच्या अशा सगळ्या याद्या त्याच वाटेवरच्या. ज्याला शब्द आधीपासून ओळखीचे आहेत पण ऐन वेळी आठवत नाहीत, अशा माणसासाठी ती सोय आहे. सगळे शब्द एकमेकांच्या जागी चालतील, असं ती यादी कुठेच म्हणत नाही. शाळेत आपणही पाणी म्हणजे जल, नीर, उदक, तोय असं घोकलं. पण हक्कावर ‘उदक सोडतात’, तिथे ‘नीर’ सोडत नाहीत. आणि पाहुण्याला कुणी तांब्याभर तोय देत नाही.

आता तुझ्या ‘पगार’ या शब्दाबद्दल, कारण तो मला फार प्रिय आहे. तो मूळचा आपला नाही. पाव, बटाटा, चावी, बादली हे शब्द जसे पोर्तुगीजांकडून आले तसाच तोही आला. पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ म्हणजे देणं, चुकतं करणं. त्या क्रियापदाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ शांत करणं, समाधान करणं असा होता. घेणेकऱ्याचे पैसे दिले की तो शांत होतो, त्या अर्थाने. गंमत अशी की इंग्रजीतला ‘पे’ हा शब्द फ्रेंचमधून आला, पण त्याच लॅटिन मुळातून. म्हणजे तुझा ‘पगार’ आणि साहेबांचा ‘पे’ हे सख्खे चुलतभाऊ. एक गोव्याच्या किनाऱ्याने आला, दुसरा लंडनहून.

‘पे’ हा या कुटुंबातला सगळ्यात साधा आणि सगळ्यांना चालणारा शब्द. कलेक्टरचाही पे असतो आणि शिपायाचाही. म्हणून वेतन आयोगाला इंग्रजीत ‘पे कमिशन’ म्हणतात. पगाराच्या चिठ्ठीला ‘पे स्लिप’ म्हणतात, पगाराच्या दिवसाला ‘पे डे’. सरकारी भाषेत मात्र ‘बेसिक पे’ म्हणजे मूळ वेतन. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता हे त्याच्यावरचे. एक लक्षात ठेव, या अर्थाने ‘पे’चं अनेकवचन होत नाही. दहा जणांचे पगार सांगायचे असले तरी ‘पेज’ म्हणायचं नाही, ‘सॅलरीज’ म्हणायचं.

‘सॅलरी’ आणि ‘वेजेस’ यांच्यापाशी मी जरा थांबणार आहे, कारण तुझा अपमान तिथे झाला.

‘सॅलरी’ लॅटिनमधल्या ‘सॅलेरियम’वरून आला आणि त्याचं मिठाशी नातं आहे. रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच वाटायचे, ही गोष्ट तू ऐकली असशील. तिला भक्कम पुरावा नाही. रोमन सैनिकाच्या पगाराचं खरं नाव ‘स्टिपेंडियम’ होतं आणि त्यातून आजचा ‘स्टायपेंड’ निघाला. पण मिठाचं नातं आपल्यालाही परकं वाटत नाही, आपणही खाल्ल्या मिठाला जागतो. ‘सॅलरी’ म्हणजे ठरलेली, बहुतेक करून महिन्याची रक्कम. त्या महिन्यात एक सुट्टी कमी झाली किंवा एक दिवस काम जास्त पडलं तरी ती तीच राहते. ऑफिसातल्या, शिक्षकी पेशातल्या, बँकेतल्या माणसाला सॅलरी असते. तुझी नोकरी त्यातलीच, म्हणून मेलमध्ये ‘सॅलरी’ हा शब्द सहज बसला असता.

‘वेज’चं मूळ जुन्या उत्तर फ्रेंचमध्ये आहे, आणि मूळ अर्थ आहे तारण, वचन म्हणून ठेवलेली वस्तू. पैजेसाठीचा ‘वेजर’ आणि बांधून घेण्याचा ‘एंगेज’ हे त्याचेच भाऊबंद. आपल्याकडे जागेच्या व्यवहारात ‘विसार’ देतात, त्याच्या जवळ जाणारी ही कल्पना. मला तो अर्थ वाचताना नेहमी ऊसतोड कामगारांची ‘उचल’ आठवते. हंगाम सुरू व्हायच्या आधी मुकादम पैसे देतो, त्या पैशावर नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ बांधला जातो, आणि मग सहा महिने ती उचल फिटेपर्यंत तोडणी. तिथे पैसा आधी हातात पडतो आणि माणूस नंतर त्याला बांधलेला राहतो. ‘वेज’च्या पोटात दडलेला हा बांधून घेण्याचा अर्थ इंग्रजी कोशात आज कुणाला जाणवत नसेल, बीडच्या बाईला तो समजावून सांगावा लागणार नाही.

आजच्या बोली इंग्रजीत ‘वेजेस’ म्हणजे तासावर, दिवसावर किंवा आठवड्यावर मोजलेले पैसे, बहुतेक करून अंगमेहनतीच्या कामाचे. साहेबांच्या डोक्यात तेवढंच होतं. पण कायद्यात तो शब्द फार मोठा आहे. वेळेवर पगार देण्याचा 1936 चा कायदा 2025 पर्यंत होता, त्याचं नाव ‘पेमेंट ऑफ वेजेस ॲक्ट’. किमान वेतनाचा 1948 चा, तो ‘मिनिमम वेजेस ॲक्ट’. हे दोन, बोनसचा 1965 चा आणि समान मोबदल्याचा 1976 चा, असे चार कायदे एकत्र करून संसदेने 2019 साली ‘कोड ऑन वेजेस’ मंजूर केला, मराठीत वेतन संहिता. त्यात ‘वेजेस’ची व्याख्याच अशी आहे की सॅलरी म्हणून, भत्ता म्हणून किंवा आणखी कुठल्या रूपात मिळणारं सगळं ‘रेम्युनरेशन’ म्हणजे वेजेस. काही रकमा पुढे वगळल्या आहेत, पण सॅलरी त्यात सामावते. आणि प्राप्तिकर कायदा उघड, तो बरोबर उलटं सांगतो : ‘सॅलरी’मध्ये वेजेस धरायचे, पेन्शन धरायची, ग्रॅच्युइटी धरायची. एका कायद्यात सॅलरी वेजेसच्या पोटात, दुसऱ्यात वेजेस सॅलरीच्या पोटात. दोन्ही याच देशाचे, दोन्ही इंग्रजीत लिहिलेले. तेव्हा ‘वेजेस बिगाऱ्यांना मिळतात’ हे वाक्य तुझ्या साहेबांनी जितक्या खात्रीने म्हटलं, तितकी खात्री कायद्याला नाही. आणि बिगाऱ्याला मिळणारा पैसा हलका का समजायचा, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो.

आपल्या संविधानात हे शब्द कसे वाटले गेलेत ते एकदा बघच. राष्ट्रपतींना मिळतात ते ‘एमॉल्युमेंट्स’, अनुच्छेद 59. खासदारांना ‘सॅलरीज’, अनुच्छेद 106. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनाही ‘सॅलरीज’, अनुच्छेद 125. शेतीतल्या, कारखान्यातल्या आणि इतर सगळ्या कामगारांसाठी ‘लिव्हिंग वेज’, अनुच्छेद 43. आणि स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान मोबदला मिळावा, हे म्हणायची वेळ आली तेव्हा, अनुच्छेद 39 मध्ये, शब्द आला ‘पे’. मला हे फार नेमकं वाटतं. ज्या वाक्यात कुणी वर नाही, कुणी खाली नाही, तिथे सगळ्यांना लागू होणारा सर्वांत साधा शब्द.

शब्द चुकला तर काय होतं, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. तरुणपणी मी न्यायालयातल्या कागदांची भाषांतरं करायचे. एका मजूर बाईच्या जबाबात वाक्य होतं, ‘तीन आठवड्यांची माझी हजेरी दिली नाही.’ मी शहरात वाढलेली. हजेरी म्हणजे अटेंडन्स, एवढंच मला ठाऊक. मी तसंच लिहिलं. म्हणजे इंग्रजीत अर्थ असा झाला, की तिची उपस्थिती लावली नाही. तिचं म्हणणं होतं, की तिचे पैसे बुडवले. वकिलांनी मराठी कागद शेजारी ठेवून वाचला म्हणून ते सापडलं, नाहीतर त्या बाईच्या तक्रारीतून तिची मजुरीच गायब झाली असती. त्या दिवसापासून पैशाचा शब्द आला की मी विचारते : कोण देतंय, कोण घेतंय, कशावर मोजून?

हे तीन प्रश्न उरलेल्या शब्दांनाही लावून बघ.

‘फी’ : देणारा तुझा मालक नाही, तो तुझ्याकडे एका कामापुरता आलेला आहे. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, क्लासचे सर फी घेतात. यात एक सावधगिरी आहे आणि ती भाषेपलीकडची आहे. हल्ली काही ठिकाणी रोज दहा ते सहा काम करणाऱ्या मुलामुलींच्या नेमणूकपत्रात ‘सॅलरी’ऐवजी ‘प्रोफेशनल फी’ लिहिलेलं असतं. त्या एका शब्दाने तो माणूस कागदावर नोकर राहत नाही, बाहेरचा सल्लागार होतो. मग भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि करही वेगळ्या कलमाखाली कापला जातो. तुझं नेमणूकपत्र काढून कुठला शब्द आहे तो बघ.

‘स्टायपेंड’ : शिकता शिकता मिळणारा पैसा, आपलं विद्यावेतन. निवासी डॉक्टर त्याच्या वाढीसाठी संप करतात, ते वर्तमानपत्रात वाचतेसच. 1961 च्या ॲप्रेंटिस कायद्यात शिकाऊ उमेदवाराला कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानलं आहे, म्हणून त्याला वेजेस मिळत नाहीत, स्टायपेंड मिळतो. तू दीड वर्षं हिशेब सांभाळतेस, तुझ्या मेलमध्ये हा शब्द घालू नकोस. तो लिहिलास तर मी अजून शिकतेय असं तूच कबूल केल्यासारखं होईल.

‘इन्कम’ म्हणजे उत्पन्न, त्यात शेत, घरभाडं, व्याज सगळं आलं. ‘अर्निंग्ज’ म्हणजे स्वतः कमावलेलं, आणि तो नेहमी अनेकवचनी.

‘रेम्युनरेशन’ हा करारातला, कायद्यातला, संचालक मंडळाच्या अहवालातला शब्द. मोबदला असं त्याचं भाषांतर मला आवडतं. त्यात पैसा, सोयी, सगळं येऊ शकतं. बोलताना पुष्कळ शिकलेली माणसंही त्याला ‘रेन्युमरेशन’ म्हणतात, म आणि न यांची अदलाबदल करून. आकडे मोजण्याशी त्याचा संबंध असावा असं वाटतं म्हणून ती चूक होते. तो आलाय लॅटिनमधल्या देणगी या अर्थाच्या शब्दावरून. म आधी, न नंतर.

आणि आता ‘एमॉल्युमेंट्स’. तू तो भारदस्त म्हणून निवडलास. व्युत्पत्ती सांगणारे म्हणतात की हा शब्द लॅटिनमधल्या दळण्याच्या क्रियापदावरून आला असावा, मुळात दळून देणाऱ्याला मिळणारा मोबदला. आपल्याकडे घडणावळ, लेखनावळ यांच्या रांगेत ‘दळणावळ’ असा शब्द आहे, तोच हा! राष्ट्रपतींच्या कलमात जाऊन बसलेला हा शब्द जात्यापाशी जन्मला. आज तो पगार आणि त्यासोबत पदामुळे मिळणारं सगळं मिळून एकत्र सांगताना, बहुतेक करून पेन्शनच्या नियमांत आणि कायद्याच्या व्याख्यांत भेटतो. मेलमध्ये तो जड होतो, हे खरं. पण त्याच्यावर हसण्याआधी त्याने तुझ्या आईसाठी काय केलंय, ते ऐक.

आईला मिळतं ते ‘मानधन’, इंग्रजीत ‘ऑनरेरियम’. दोन्ही शब्दांत मान आहे. ज्याच्या कामाची किंमत करणं बरं दिसत नाही, अशा माणसाला आदराने पुढे केलेलं पाकीट, हा त्याचा मूळ भाव. एक दिवस भाषणाला आलेल्या पाहुण्यांना तो शोभतो. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडीच्या बायकांसाठी हाच शब्द वापरला गेला. त्या ‘मानसेवी’ आहेत, समाजकार्य करतात, म्हणून त्यांना वेतन नाही, मानधन. रोज सकाळी अंगणवाडी झाडायची, मुलांना घरून आणायचं, खिचडी शिजवायची, वजनं करताना हाताशी राहायचं, आणि महिन्याच्या शेवटी मिळणाऱ्या पैशाला पगार म्हणायचं नाही. आशा ताईंच्या कामाला तर ‘इन्सेंटिव्ह’ हा शब्द लावला, म्हणजे उत्तेजनार्थ. शब्द इतका आदराचा, की त्याच्या आडून हक्क बाजूला राहून जातात. माझं स्पष्ट मत आहे, की रोज वेळेवर येऊन वरिष्ठांच्या हुकमाखाली वर्षानुवर्षं काम करणाऱ्या बाईला ‘मानधन’ देणं हा त्या शब्दाचा गैरवापर आहे.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा 25 एप्रिल 2022 चा निकाल आहे. गुजरातमधल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांचं प्रकरण होतं आणि प्रश्न होता, त्यांना ग्रॅच्युइटी मिळणार की नाही. ग्रॅच्युइटी द्यायची तर तेव्हाच्या 1972 च्या कायद्याप्रमाणे त्यांना ‘वेजेस’ मिळत असायला हवे होते, आणि यांना तर मिळत होतं ‘ऑनरेरियम’. न्यायालयाने कायद्यातली व्याख्या उघडली. तिथे लिहिलं होतं, कर्मचारी कमावतो ते सगळे ‘एमॉल्युमेंट्स’ म्हणजे वेजेस. मग न्यायालय म्हणालं, ही व्याख्या अतिशय व्यापक आहे, यांचं ऑनरेरियमही त्यात येतं, आणि सेविका व मदतनीस दोघीही ग्रॅच्युइटीला पात्र आहेत.

पुन्हा एकदा बघ. ‘ऑनरेरियम’पासून ‘वेजेस’पर्यंत जायला मधला पूल कोणता होता? ‘एमॉल्युमेंट्स’. आणि पलीकडे पोचायचं होतं तो शब्द कोणता? ‘वेजेस’. तुझ्या ऑफिसने हसून उडवलेले हेच ते दोन शब्द. तुझी आई पहिल्यापासून त्याला पगार म्हणते ना? तिला यादी लागली नाही, तिने ते तीन प्रश्न अनुभवानेच सोडवले होते.

आता शिकायचं कसं. याद्या पाठ करणं सोड. एक वही कर आणि त्यात शब्द एकटा लिहू नकोस, त्याच्या क्रियापदासकट लिही. मराठीत पगार ‘होतो’, मजुरी ‘मिळते’, फी ‘आकारतात’, मानधन ‘स्वीकारतात’, उचल ‘घेतात’ आणि ‘फेडतात’. इंग्रजीत सॅलरी ‘ड्रॉ’ करतात, वेजेस ‘अर्न’ करतात, फी ‘चार्ज’ करतात, ऑनरेरियम ‘ॲक्सेप्ट’ करतात, स्टायपेंड ‘रिसीव्ह’ करतात. आपल्या मुलांची इथे हमखास चूक होते. ‘पगार झाला नाही’ हे डोक्यात असतं म्हणून इंग्रजीत ‘सॅलरी इज नॉट डन’ लिहितात. इंग्रजीत पगार ‘होत’ नाही, तो ‘पेड’ किंवा ‘क्रेडिटेड’ असतो. दुसरं, एकवचन-अनेकवचनाकडे लक्ष ठेव. हातात पडलेले ते ‘वेजेस’, पण दुसऱ्या शब्दाला जोडून आला की ‘वेज’ : मिनिमम वेज, डेली वेज, वेज बिल. आपल्याकडे रोजंदारीवरच्या माणसाला ‘डेली वेजर’ लिहितात ते टाळ, कारण आपल्या देशाबाहेर ‘वेजर’चा अर्थ पैज असा घेतील. ‘डेली वेज वर्कर’ लिही.

वही भरायला महागडी पुस्तकं नकोत. तू अकाउंट्सला आहेस, तुझ्या टेबलावरूनच रोज हे कागद जातात : ड्रायव्हरचा भत्ता, हमालीची व्हाउचरं, वकिलाच्या फीचं बिल, पे रोलचा तक्ता. प्रत्येक कागदावर कुठला शब्द छापलाय ते बघ आणि का छापलाय ते स्वतःला विचार. महिनाभरात ऑफिसातल्या इतरांपेक्षा तुला या शब्दांची पारख जास्त येईल. मराठी माध्यमाचं ओझं मनावर ठेवू नकोस. दोन भाषांतले शब्द शेजारी ठेवून बघता येतात ही तुझी मिळकत आहे, आणि इंग्रजी माध्यमातल्या पुष्कळ मुलांना ‘बिदागी’ म्हणजे काय ते सांगता येणार नाही.

मेल पुन्हा लिहिशील तेव्हा छोटा लिही. ‘माय सॅलरी फॉर ऑगस्ट हॅज नॉट बीन क्रेडिटेड. काइंडली लेट मी नो द डेट ऑफ पेमेंट.’ दोन वाक्यं, बस. माफी मागू नकोस, घरची अडचण सांगू नकोस. आणि हे माहीत असू दे, की 1936 च्या कायद्याने एक हजारापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत पैसे द्यायला सांगितलं, आणि 2019 च्या संहितेतही महिन्यावर काम करणाऱ्यांसाठी सातच दिवस आहेत. तू विसाव्या दिवसापर्यंत थांबली होतीस.

भावाच्या फॉर्मचं : ‘मदर्स सॅलरी’च्या रकान्यात आईला वर्षभरात मिळालेली रक्कम लिहा. तो रकाना कोरा ठेवू नका, आणि ‘गृहिणी’ तर मुळीच लिहू नका. व्यवसायाच्या रकान्यात ‘अंगणवाडी हेल्पर’ लिहा. शेवटी सोबत लावायचा तो उत्पन्नाचा दाखला, आणि उत्पन्नात मानधन धरलं जातंच.

घरी जाशील तेव्हा आईचा नेमणुकीचा आदेश आणि बँकेचं पासबुक शोधून एका पिशवीत नीट ठेव, झेरॉक्स काढून एक संच तुझ्याकडेही असू दे. ग्रॅच्युइटी पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर लागू होते, आणि ती मागताना कुठल्या तारखेपासून काम केलं, ते त्या कागदांवरूनच दाखवावं लागेल. तिच्या संघटनेतल्या ताईंना या 2022 च्या निकालाबद्दल विचार. पुढे काय करायचं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. आणि ऑगस्टचा पगार झाला का, ते मला कळव.